पुस्तकांचं वाळवण

तलाठी भाऊसाहेबांनी पुस्तक उघडलं, नाकाशी नेऊन हुंगलं, पानावरून आडवा हात फिरवला आणि म्हणाले, "बाई, ही तर कडकडीत वाळल्याली हायत." द्वारकाला वाटलं, कौतुक केलं. नको नको म्हणताना तिचा चेहरा फुलला. "एकाही पानाला बुरशी नाही भाऊसाहेब, कुठलंही उघडून बघा," असं म्हणत तिनं टेबलावरच्या ढिगातलं आणखी एक पुस्तक काढलं आणि नवी सून सासऱ्यांच्या पानात आग्रहानं पोळी टाकते तसं त्यांच्या हातात टाकलं. भाऊसाहेबांनी तेही हुंगलं. मग मांडीवरच्या कागदावर, प्रत्येक अक्षराच्या डोक्यावरची रेघ नीट ओढत, त्यांनी लिहिलं: वाचनालयातील पुस्तके – सुस्थितीत. नुकसान – निरंक. समोर उभ्या असलेल्या द्वारकाला तो शेवटचा शब्द उलटा दिसला, आणि उलटा दिसूनही कळला. पाळण्याची दोरी ओढावी आणि पाळणा हलका लागावा, तसं तिला वाटलं.

तीन आठवड्यांपूर्वी एका संध्याकाळी शाळेमागचा ओढा अंगणात शिरला होता. एरवी तो ओढा म्हणजे नाकाला रुमाल लावून ओलांडायची वस्तू. त्याला पाणी असतं हेच पेठेतले लोक विसरले होते. त्या संध्याकाळी त्यानं आठवण करून दिली. तळमजल्यावर कंबरभर पाणी चढलं. वाचनालय तळमजल्यावरच, कारण वरचे वर्ग शिकवायला लागतात आणि पुस्तकांना हवा लागत नाही असं संस्थेचं जुनं मत. दोन हजारांवर पुस्तकं रात्रभर पाण्यात बसली. द्वारका त्या शाळेची अर्धवेळ ग्रंथपाल. पोरं कमी म्हणून सरकारी नियमानं ग्रंथपालही अर्धी. साडेसात ते साडेअकरा एवढंच काय ते तिचं नोकरीतलं अस्तित्व. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चौदा महिन्यांच्या सृष्टीला कडेवर घेऊन ती दारात उभी राहिली आणि चिखलातून वर आलेलं एक पुस्तक तिला दिसलं, तेव्हा तिला आपण अर्ध्या आहोत हे आठवलंच नाही. शाळेच्या शिपाई कांताबाई म्हणाल्या, "फेकायची ना बाई?" तर द्वारका म्हणाली, "गच्चीवर न्यायची." हे वाक्य तिच्या तोंडून इतकं सहज आलं, की ते आपलं नसून आईचं आहे हे तिला संध्याकाळी कळलं.

पुलगावला आईची गच्ची म्हणजे उन्हाळाभर एक राज्य. कुरड्या, सांडगे, सरगुंडे, चिप्स; जुन्या लुगड्यांवर ओळीनं मांडलेले, आणि लहानगी द्वारका डोक्यावर ओला पंचा टाकून राखण करणारी. वाळवणाचं एक शास्त्र असतं आणि ते कुठल्या शाळेत शिकवत नाहीत. अकरा दिवस तिनं तेच केलं. सात साड्या अंथरल्या, त्यातल्या दोन लग्नातल्या. प्रत्येक पुस्तकाच्या पानापानांत रद्दी घातली, काढली, परत घातली. पारवे हाकलायला कांताबाई काठी घेऊन बसल्या. फोनवर आई म्हणाली, "काय करून राहिली व तू त्या पुस्तकायचं?" "वाळवून राहिली, आई." "मंग दुपारी उलथवजो. एकाच बाजूनं ऊन खाल्लं का वाकडं होते." द्वारकानं उलथवली. पानं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून सृष्टीची पावडर भुरभुरली. डबा संपला तेव्हा दुसरा फोडला. त्या अकरा दिवसांत सृष्टी अंगाला घामाचा वास घेऊन फिरली आणि पुस्तकांना आंघोळ करून आलेल्या बाळाचा वास येऊ लागला. भाऊसाहेब हुंगत होते तो हाच वास. ओढ्याचा वास शोधत होते बिचारे, आणि नाकात शिरत होती बेबी पावडर.

"जे ओढ्याला जमलं नाही, ते आपण करून दाखवलंत, द्वारकाबाई," मुख्याध्यापिका सत्यशीलाबाई म्हणाल्या. त्या रागावल्या की आवाज चढत नाही, उतरतो. आणि 'अगं'चं 'आपण' होतं. त्यांनी टेबलावरचा शासन निर्णय तिच्याकडे सरकवला. पूरग्रस्त शाळांना मदत: इमारत, बाके, फळे, लाकडी सामान. आणि शैक्षणिक साहित्य, पण 'पूर्णतः नष्ट झाले असल्यास'. "आपण ते पूर्णतः वाचवलंत. शासनाच्या दृष्टीनं पूर आलाच नाही." यावर काय बोलावं हे द्वारकाला पुण्यात येऊन सहा वर्षं झाली तरी कळत नसे. पुलगावला माणूस रागावला की ओरडतो, मग चहा पितो. इथं माणूस हळू आवाजात एक वाक्य बोलतो आणि ते वाक्य तुम्ही घरी जाऊन, कणीक मळता मळता, हळूहळू मनाला लावून घेता. त्या दिवशी तिनं कणीक मळताना दोन वाक्यं लावून घेतली. दुसरं चिटणीस यज्ञेश्वरपंतांचं होतं. पंतांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की मदत आली तर वाचनालय. नाही आली तर दिवाळीनंतर त्या खोलीत संगणक. हिंजवडीला रोज नवी काचेची इमारत उभी राहतेय, आणि आपली पोरं अजून पुस्तकं चाळतायत? उरलीसुरली पुस्तकं दोन लोखंडी कपाटांत कुलूपबंद राहतील. "आणि मी?" असं द्वारकानं विचारलं नव्हतं, नुसतं पाहिलं होतं. पंत म्हणाले होते, "कपाटाला किल्ली लागते. ग्रंथपाल लागत नाही."

नवऱ्याला, सुदर्शनला, तिनं हे सांगितलं तेव्हा तो कंपनीची बस चुकू नये म्हणून उभ्यानं पोहे खात होता. दिवसभर दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हा त्याचा पगारी व्यवसाय. घरी तो फुकट करी. "तू डेटा रिकव्हर केलास, पण क्रॅश झाल्याचा पुरावा ठेवला नाहीस," तो म्हणाला. "फोटो तरी काढायचास." "दोन्ही हातात पुस्तकं होती." "मग सगळं स्कॅन करून टाका ना. पाच-सहा सीडींत बसेल तुझी लायब्ररी." तो गेला. द्वारका ओट्याशी उभी राहिली आणि दुसरीतली पोरं सीडी उघडून तिच्यावर पालथी झोपलीत, कडेला बोट लावून वाचतायत, शेजारच्याला कोपरानं ढकलून "माझं पान, माझं पान" म्हणतायत, असं चित्र डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न करत राहिली. सीडीच्या मधल्या भोकातून कुणीतरी बोट घातलं एवढंच दिसलं. खरं सांगायचं तर तिला पोरांची काळजी होती, पण सगळी पोरांचीच नव्हती. साडेसात ते साडेअकरा या चार तासांत तिला कुणी 'सृष्टीची आई' म्हणत नसे, 'आमची ही' म्हणत नसे. पोरं 'बाई' म्हणत. त्या दोन अक्षरांत ती पाय लांब करून बसत असे. ती दोन अक्षरं कुलूप लावून कपाटात जाणार होती.

भाऊसाहेब, म्हणजे कोंडीराम तलाठी, माणूस वाईट नव्हता. फाटकाशी मोटारसायकलला किक मारता मारता त्यांनी तिला हाक मारली होती. "बाई, मी माज्या मनानं काय लिहीत न्हाई. जे दिसतं ते लिहितो. परवा पुन्हा हिकडं येनार हाय. परवा वली दिसली, तर वली लिहीन." आणि कसं सांगावं कळेनासं होऊन मान दुसरीकडे वळवून म्हणाले, "नळाला पानी आसतंय ना?" द्वारकाला हे समजायला फाटकापासून वाचनालयापर्यंतचं अंतर लागलं. कांताबाईंना लागलं नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच गच्चीवर बादली भरून ठेवली होती. "एकदा भिजलीच हायत की. पुन्यांदा भिजली तर त्यास्नी काय नवं?" हेही खरंच होतं. द्वारकानं ढिगातलं सगळ्यात गरीब दिसणारं पुस्तक निवडलं. फळभाज्यांची माहिती देणारं, मलपृष्ठ नसलेलं, कोण्या पोरानं प्रत्येक वांग्याला डोळे काढलेलं. तिनं तांब्या भरला. सृष्टी टाळ्या वाजवायला लागली, कारण तांब्या म्हणजे आंघोळ. द्वारकानं डोळे मिटून पाणी ओतलं. पुस्तकानं ते गटागटा पिऊन टाकलं. मग एक क्षण गेला असेल नसेल, तिचा हात आपोआप पदराकडे गेला. पदरानं तिनं वांगं टिपलं, मग दोडका, मग दुधी. पानं सोडवली, फुंकर घातली, "झालं, झालं, संपलं हं," असं म्हणाली आणि पुस्तक उन्हात उलथं घातलं. कांताबाई काठीवर हनुवटी ठेवून हे बघत होत्या. "बाई," त्या म्हणाल्या, "ह्या हिशेबानं दिवाळीपतुर एकच पुस्तक भिजंल न् वाळंल. तुमी तिकडं तोंड करून बसा. मी वतते." पण द्वारका बादलीवर बसली. अक्षरशः बसली, झाकण ठेवून. आणि परवा भाऊसाहेब आले, तेव्हा पुस्तकं तशीच होती, कडकडीत, वांग्याचंसुद्धा. भाऊसाहेबांनी हुंगलं नाही. नुसता सुस्कारा सोडला आणि पाणी मागितलं, प्यायला.

मग उरलं काय, तर पुस्तकं जागच्या जागी लावणं. दिवाळीपर्यंत तरी वाचनालय वाचनालयासारखं दिसावं. सहा रॅक पुसून तिनं पहिल्या कप्प्यापासून सुरुवात केली. पहिला कप्पा अर्ध्यातच भरला. तिला वाटलं, आपण चुकीच्या ओळीची लावतोय. काढली, पुन्हा लावली. पुन्हा अर्ध्यात भरला. दुपारपर्यंत सहाही रॅक गच्च झाल्या आणि जवळजवळ तेवढीच पुस्तकं टेबलावर, बाकावर, जमिनीवर उरली, लग्नघरी उशिरा आलेल्या पाहुण्यांसारखी, कुठं बसू म्हणून बघत. द्वारकानं एक हातात घेतलं. बोटाएवढं जाड पुस्तक मुठीएवढं झालं होतं. पानं लाटालाटांची, मिटत नव्हती. दाबलं की दबे, सोडलं की पुन्हा श्वास घेऊन फुगे. तिनं ते पोटाशी धरलं आणि का कोण जाणे, दवाखान्यातल्या त्या कार्डाची तिला आठवण झाली. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी कार्डावर लिहून दिलं होतं: आई व बाळ सुखरूप. सुदर्शननं ते चार जणांना फोनवर वाचून दाखवलं. सुखरूप होतीच ती. पण कपाटातला एकही ब्लाउज तिला सुखरूप मानायला तयार नव्हता. हूक हातभर लांब. बोटात अंगठी चढत नाही, चप्पल अर्धा नंबर वाढली, आणि आत, जिथं हूक नसतात तिथं, असं काही काही फुगून बसलं होतं, जे पूर्वीच्या जागेत कितीही कोंबलं तरी बसत नव्हतं. एखादं गाणं ऐकताना रडू यायचं. रिकाम्या खोलीत उगाच कान टवकारले जायचे. सगळे म्हणायचे, झालीस हो आता पहिल्यासारखी. ती मान डोलवायची. पाण्यातून निघालेली वस्तू वाळते, हे खरं; पण वाळली म्हणजे पहिल्यासारखी झाली, असं कुणी ठरवलं? तिनं हातातलं पुस्तक रॅकमध्ये घातलं. पलीकडच्या टोकाचं टपकन खाली पडलं. आणि द्वारका, त्या अर्धवट अंधाऱ्या खोलीत, एकटीच, मोठ्यानं हसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती तहसील कचेरीत पोचली. सोबत सृष्टी, कांताबाई, चाळीस पुस्तकांची दोन बोचकी आणि पहिलीच्या पोरांसाठीची गुडघ्याएवढी, एकाच कप्प्याची लाकडी रॅक. रिक्षावाल्यानं विचारलं होतं, "बिऱ्हाड हलवताय, का देवघर?" मदत कक्षात रांग होती. तिच्या पुढं बायडाबाई नावाची एक म्हातारी. ओढ्याच्या वरच्या अंगाला राहणारी. तिच्या दोन शेळ्या वाहून गेल्या होत्या. "मनत्यात, मेल्याली शेळी दाखव," बायडाबाईनं द्वारकाला सांगितलं, जणू दोघी एकाच आळीतल्या. "आगं, ऱ्हायली आसती तर व्हावून गेली कशी म्हनले आसते? तुजं काय गेलं?" "माझं काही गेलं नाही, मावशी. माझं सगळं आहे. म्हणूनच देत नाहीत." बायडाबाईनं तिच्याकडे, मग बोचक्यांकडे, मग सृष्टीकडे पाहिलं आणि जागा करून दिली. "जा, तूच जा फुडं. तुजं येगळंच हाय."

नायब तहसीलदार श्यामसुंदर राजगुरू सदाशिव पेठेतलेच. चष्मा कपाळावर, पंखा बंद, कारण कागद उडतात. त्यांनी रॅककडे पाहिलं. "हे काय?"

"पुरावा, साहेब."

"पुरावा टेबलावर ठेवायचा असतो. टेबल आणायचं नसतं." त्यांनी तिचा अर्ज वाचला. तिनं तो पाच वेळा लिहिला होता. पहिल्या चारांत रडली होती, पाचव्यात फक्त विनंती केली होती. "बाई, पंचनाम्यात पुस्तकं सुस्थितीत आहेत. मी स्वतः बघतोय, सुस्थितीत आहेत. वास तर... कसला वास येतोय?"

"बेबी पावडर."

"हं. मग नष्ट झाली असं मी लिहू कसं?"

"नका लिहू," द्वारका म्हणाली. आवाज कापत होता, म्हणून तिनं तो सत्यशीलाबाईंसारखा खाली उतरवला, आणि नवल म्हणजे तो तिथं स्थिर राहिला. "ही चाळीस पुस्तकं या रॅकमध्ये राहायची. पुराच्या आदल्या दिवशी मी स्वतः लावली होती, वर दोन बोटं जागा उरली होती. आपण एकदा लावून बघावीत. एवढीच विनंती आहे."

राजगुरूंच्या तोंडावर, हा वेळेचा अपव्यय आहे, हे लिहिलेलं होतं. पण शिस्तीचा माणूस म्हणजे त्याला कुणी 'तुम्हाला जमणार नाही' असं न बोलता म्हटलं, की संपलं. त्यांनी चष्मा खाली घेतला, बाह्या दुमडल्या आणि खाली बसले. पहिली पंधरा पुस्तकं सरसर गेली. विसाव्याला त्यांनी ओळ दाबून घेतली. तेविसाव्याला रॅक करकरली. "आडवी घाला साहेब, आडवी बसतात," त्यांचा शिपाई म्हणाला. आडवी घातली, एकोणीसच बसली; पुन्हा उभी लावली. "मोठी खाली, बारकी वर," रांगेतून कुणी म्हणालं. "आहो, पाठ भिंतीकडं करा." "दाबा की सायेब," बायडाबाई म्हणाली, "मानसं येष्टीत दाबत्यात तशी. ह्ये बघा!" आणि तिनं पदर खोचून, गुडघा लावून चोविसावं आत रेटलं. सगळी कचेरी पुढं वाकली. मग रॅकमधलं पहिलं पुस्तक बुचासारखं बाहेर उडालं आणि टेबलाच्या पायाशी जाऊन पडलं. सृष्टीनं टाळ्या वाजवल्या. राजगुरू जमिनीवरून उठले, धूळ झटकली, आणि पूर्वी जसे होते तसे व्हायला त्यांना थोडा वेळ लागला.

"तेवीस," ते म्हणाले.

"सतरा बाहेर," द्वारका म्हणाली.

"बाहेर आहेत, नष्ट नाहीत." त्यांनी शासन निर्णय उलटला, पुन्हा सुलटला, आणि एका ओळीवर बोट ठेवून थांबले. "लाकडी सामान. 'पुरामुळे निरुपयोगी झाले असल्यास.' तुमच्या रॅक निरुपयोगी झाल्या आहेत का?"

"साहेब, आपणच आत्ता वापरून बघितलीत."

कुणी हसलं नाही. पुण्यात अशा वेळी कुणी हसत नाही. फक्त राजगुरूंची भुवई केसाएवढी वर गेली, आणि द्वारकाला समजलं की सहा वर्षांत पहिल्यांदा आपण या गावाच्या भाषेत काही बोललो. फेरपंचनाम्याचा कोरा कागद निघाला. बायडाबाई आणि रांगेतला पंक्चरवाला एक काका असे दोन पंच झाले. राजगुरू लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणू लागले, "पुराच्या पाण्यामुळे वाचनालयातील पुस्तके..." इथं ते अडले. त्यांच्या नोकरीत पुरानं नेलं होतं, मोडलं होतं, कुजवलं होतं. हा प्रकार नवा होता. "...वाढली असून," त्यांनी घाईनं लिहिलं, "सबब पूर्वीच्या सहा रॅक अपुऱ्या व निरुपयोगी ठरल्या आहेत. किती लागतील?"

"अकरा."

"मदतीतून आलेलं सामान पाच वर्षं त्या खोलीतून हलवता येत नाही. आम्ही तपासायला येतो. संस्थेला कळवा."

"मी कळवते," द्वारका म्हणाली, आणि यज्ञेश्वरपंतांना आपण हे कुठल्या आवाजात कळवू, वरच्या का खालच्या, याचा विचार करून तिच्या तळव्यांना घाम सुटला. आनंदाचाच असावा.

"अकरा मावतील ना पण खोलीत? नाहीतर वर आक्षेप निघेल."

द्वारकानं डोळे मिटून खोली मोजली. आठ मावत होत्या. खिडकीखालचं तिचं टेबल काढलं, तर अकरा. त्या टेबलावर ती पुस्तकांना कव्हरं घालायची, सृष्टीला भरवायची, आणि कधी कधी, कुणाला सांगायचं नाही, काही न करता नुसती कोपरं टेकून बसायची. "माझं टेबल काढलं तर मावतील," ती म्हणाली.

"मग आपण बसणार कुठे?"

"मी अर्धवेळ आहे, साहेब." हे ती गमतीनं म्हणाली होती.

राजगुरूंनी मान हलवली आणि लिहिलं. द्वारकाला अक्षरं उलटी दिसत होती: ग्रंथपाल यांना स्वतंत्र जागेची आवश्यकता नाही. कागद झाला होता. सही तेवढी राहिली होती. बायडाबाईनं अंगठ्याला शाई लावूनसुद्धा घेतली होती. पुस्तकांना जागा मिळाली, खोली राहिली, पोरं पालथी झोपून वाचणार, बाई म्हणणार. आता गप्प राहायचं, आभार मानायचे, वेळेत घरी पोचायचं. द्वारकानं कडेवरच्या सृष्टीला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. आभार मानायला तोंड उघडलं आणि म्हणाली, "साहेब, ती ओळ खोडा."

"कुठली?"

"शेवटची. जागा लागते मला. टेबल नसलं तर नसो. एक खुर्ची लिहा."

"खुर्ची वाहून गेली का?"

"नाही."

"मोडली?"

"नाही. आहे. हातांची आहे, लाकडी." रांगेतले सगळे ऐकत होते. पंक्चरवाले काका, शिपाई, मागचे सात-आठ अनोळखी पुरुष. "मीच मावत नाही तिच्यात."

राजगुरू कागदाकडे बघत राहिले, तिच्याकडे बघायचं नाही एवढी सभ्यता राखून. "लिवा की सायेब," शाईचा अंगठा हवेत धरून बायडाबाई म्हणाली. "पुस्तकं वाढली त्ये लिवलं न्हवं? मंग ही बी लिवा. ल्येकरू झालंय तिला."

राजगुरूंनी शेवटच्या ओळीवर पट्टी ठेवली, एक सरळ रेघ मारली, बाजूला आद्याक्षरं केली. मग खाली, अकरा रॅकच्या खालच्या रकान्यात, प्रत्येक अक्षर सुटं सुटं करत त्यांनी लिहिलं: खुर्ची, बिनहाती, मोठी – एक.